कोनात अंडं आलं कुठून आणि गेलं कुठे?



आईस्क्रीमवर आपल्यात पुष्कळ बोलून होतं. जिलेटिन असतं का, कस्टर्डमध्ये अंडं असतं का, रात्री खायचं का, बर्फ बावीस अभक्ष्यांत येतो मग काय करायचं. पण ज्या कोनात ते आईस्क्रीम घालून पोरांच्या हातात देतो, त्या कोनाबद्दल फारसं कुणी विचारत नाही. कोन म्हणजे जणू कागदाची पुडी, खाल्ली तर खाल्ली. खरं म्हणजे त्या सगळ्या प्रकारात शिजवलेलं अन्न कोनच आहे. त्यात पीठ आहे, साखर आहे, चरबी आहे. आणि त्याच्या इतिहासात अंडंही आहे, तेही बरीच शतकं.

हा इतिहास वाचायला घेतला तेव्हा सुरुवातीलाच एक गोष्ट सापडली आणि बरं वाटलं. कोनाचा अगदी मूळपुरुष बिनअंड्याचा आहे. युरोपात चर्चमध्ये प्रसाद म्हणून जो पांढरा पातळ पापुद्रा देतात, तो फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी एवढ्यावर होतो. लांब दांड्यांच्या दोन लोखंडी तव्यांमध्ये पातळ पीठ दाबून तो भाजायचा. आपला सांडशीचा चिमटा डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्या तोंडाला दोन सपाट तवे लावा, झालं ते यंत्र. त्याच तव्यांवर मग चर्चबाहेर खाऊ भाजायला सुरुवात झाली. फ्रान्समध्ये त्याला ‘उब्ली’ म्हणत. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये हा खाऊ करणाऱ्यांचा वेगळा धंदा होता, त्याचे नियम होते.

खाऊ झाला तशी त्यात भर पडत गेली. १३९३ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या तरुण बायकोसाठी घर चालवण्याचं पुस्तक लिहिलं, ‘ल मेनाजिए द पारी’ या नावाने ते ओळखलं जातं. त्यात वॉफलच्या कृती आहेत. अंडी फेटा, मीठ आणि वाईन घाला, पीठ घाला, वाटल्यास चीज. म्हणजे आपल्या दृष्टीने एका घासात अंडंही आणि मद्यही! त्यांच्याकडेही ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य असत हे इथे सांगायला हवं. मांस, अंडी, दूध, लोणी सगळंच बंद. पर्वकाळात जिभेला आवर घालायचा ही गोष्ट फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. फरक एवढाच की त्यांचं अंडं चाळीस दिवसांनी परत यायचं.

आता एकदम पाचशे वर्षं पुढे येऊया, कारण मधल्या काळात वॉफल गोड होत गेलं, पातळ होत गेलं, गुंडाळलं जाऊ लागलं, पण आईस्क्रीमशी त्याची गाठ पडल्याचा ठसठशीत लेखी पुरावा १८८८ चा आहे. लंडनमध्ये अ‍ॅग्नेस मार्शल नावाच्या बाई होत्या. स्वयंपाकाची शाळा चालवायच्या, पुस्तकं लिहायच्या, आईस्क्रीम गोठवण्याचं यंत्रही त्यांच्या नावावर होतं. १८८८ च्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात ‘कॉर्नेट’ची कृती आहे. बदाम, मैदा, साखर, अंडं आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. भट्टीत पातळ भाजून गरम असतानाच शंकूच्या आकारात वळायचं. आत क्रीम भरा, नाहीतर आईस्क्रीम भरा असं त्यांनी सुचवून ठेवलंय. पण हे काटा-चमचा घेऊन बसणाऱ्यांच्या ताटातलं पक्वान्न. रस्त्यावरचा कोन अजून यायचा होता आणि तो आला तो उष्ट्याच्या प्रश्नातून.

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर इटालियन फेरीवाले काचेच्या जाड छोट्या पेल्यात आईस्क्रीम द्यायचे. ‘पेनी लिक’ म्हणत त्याला, एक पेनी द्या आणि चाटा. गिऱ्हाईक पेला चाटून पुसून परत करायचं, फेरीवाला तो कसातरी विसळायचा आणि त्यातच पुढच्याला द्यायचा. कॉलरा, क्षय यांची भीती होतीच. शेवटी १८९९ मध्ये लंडनमध्ये हे पेले बंद करण्यात आले. आपल्याकडे आजीने उष्टा पेला वेगळा ठेवला की नव्या सुना तोंड वाकडं करायच्या. श्वेतांबर घरांत तर ताट धुऊन पिणं आणि उष्टं अठ्ठेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त न ठेवणं हा नेमच असतो, कारण त्यात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात. लंडनच्या लोकांना उष्ट्याची भीती जंतूंमुळे वाटली, आपल्याला जीवहिंसेमुळे वाटते. पण उत्तर एकच निघालं: भांडंच खाऊन टाका. मागे उष्टं उरणारच नाही.

त्या काळात खाता येणाऱ्या पेल्याच्या मागे बरेच जण लागले होते. मँचेस्टरच्या अंतोनिओ वाल्वोना यांनी १९०२ मध्ये बिस्किटाचे पेले भाजण्याच्या साच्याचं अमेरिकी पेटंट घेतलं. न्यूयॉर्कमध्ये गाडीवर आईस्क्रीम विकणाऱ्या इटालो मार्किओनी यांना डिसेंबर १९०३ मध्ये असंच पेटंट मिळालं. दोघांचेही होते पेले, तळाला सपाट. आज आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत किंवा गाडीवर मिळतो तो फिका, हलका, तोंडात विरघळणारा कोन याच घराण्यातला. वळलेला, तपकिरी, कुरकुरीत वॉफल कोन मात्र वेगळ्या घरातून आला आणि त्या घराशी आपलं नातं आहे.

१९०४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. गोष्ट अशी सांगतात की आईस्क्रीमवाल्याच्या बशा संपल्या, शेजारी सीरियाहून आलेले अर्नेस्ट हमवी ‘झलाबिया’ विकत होते, त्यांनी आपली गरम पातळ झलाबिया शंकूसारखी वळून शेजाऱ्याला दिली. गोष्ट गोड आहे, पण हाच शोध आपला आहे असं सांगणारे त्या एका प्रदर्शनातून निदान चार-पाच जण निघाले. अब्राहम डूमार, डेव्हिड अवायू, चार्ल्स मेंचेस, निक कब्बाझ. कुणाचं खरं याचा निवाडा करण्यात मला रस नाही. त्यातले बरेच जण सीरिया, लेबनॉन, तुर्कस्तान भागातून पोट भरायला आलेले होते, आणि वॉफल कोनाला लोकप्रिय केलं ते या स्थलांतरित लोकांनी, एवढं नक्की. डूमार यांच्या घराण्याचं दुकान आजही व्हर्जिनियातल्या नॉरफोकमध्ये आहे आणि त्यांचं कोन भाजायचं जुनं यंत्र तिथे जपलेलं आहे.

आता ‘झलाबिया’ हा शब्द पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघा. ऐकू आली ना जिलेबी? तीच ती. अरबी झलाबिया, फारसी झुलबिया आणि आपली जिलेबी ही एकाच शब्दाची लेकरं. पदार्थ मात्र गावोगाव बदलला. दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथातही ती आहे. कुठे ती तळून पाकात टाकतात, कुठे लोखंडी तव्यांत दाबून कोरडी भाजतात आणि वर साखर भुरभुरवतात. सेंट लुईसला गेली ती कोरडी.

आणि आपल्याकडची जिलेबी? तिच्या भारतातल्या जुन्या उल्लेखांपैकी एक जैन ग्रंथात आहे. जिनसूर यांनी इ.स. १४५० च्या सुमारास रचलेल्या ‘प्रियंकरनृपकथे’त एका श्रीमंत व्यापाऱ्याने दिलेल्या मेजवानीचं वर्णन येतं आणि त्या पंगतीत जिलेबी आहे. हा धागा उलगडून दाखवला पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी. त्यांनी १९४० च्या दशकात भारतीय आहाराच्या इतिहासावर लेख लिहिला आणि त्यात खास जिलेबीचा शोध घेतला. एखाद्या विद्वानाला जिलेबीच्या मागे लागावंसं वाटलं याचं मला फार कौतुक आहे. गंमत अशी की ज्या जिलेबीचा आपल्या ग्रंथात असा उल्लेख आहे, ती बाजारची जिलेबी आज आपल्यातल्या कित्येक घरांत वर्ज्य आहे, कारण पीठ रात्रभर आंबवलेलं असतं. तिची कोरडी चुलत बहीण, म्हणजे वॉफल कोन, बहुतेक वेळा आंबवलेली नसते. पीठ कालवलं की लगेच भाजायचं, फुगायला फार तर सोडा. म्हणजे त्या एका बाबतीत कोन जिलेबीपेक्षा सरस!

मग अंडं कुठे गेलं? इथे थोडं स्वयंपाकघरातलं शास्त्र बघावं लागेल. जुन्या पिठात अंड्याची दोन कामं होती. पांढरा बलक भाजताना घट्ट होतो आणि पातळ पोळी फाटू देत नाही. पिवळ्या बलकात लेसिथिन नावाचं द्रव्य असतं, ते तूप आणि पाणी एकजीव ठेवतं आणि पोळी तव्याला चिकटू देत नाही. पण कोनाला कोन बनवणारी गोष्ट अंडं नाहीच, ती साखर आहे. भाजलेल्या पोळीतली साखर गरम असते तेव्हा लवचिक असते, त्या दहा-वीस सेकंदांत वळलं की वळलं. थंड झाली की तीच साखर काचेसारखी कडक होते. चिक्की लाटताना आपण हेच तर करतो. गरमागरम लाटली तर लाटली, नाहीतर गेली.

१९१२ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडचे फ्रेडरिक ब्रकमन यांनी कोन आपोआप वळणारं यंत्र काढलं आणि पुढे १९२८ मध्ये तो धंदा नॅबिस्को या बिस्किट कंपनीने घेतला. हजारोंनी कोन निघायला लागल्यावर अंडं अडचणीचं ठरतं. महाग, नासणारं, दर वेळी वेगळं. पोळी घट्ट धरायला पीठ आणि साखर पुरते, उरलेलं लेसिथिन सोयाबीनमधून मिळायला लागलं. सोया तेल काढताना ते आपसूक निघतं, आणि १९२०-३० च्या दशकांत त्याचा व्यापार सुरू झाला. म्हणूनच आज कारखान्यातल्या बहुतेक कोनांच्या पाकिटावर मैदा, साखर, वनस्पती तेल, सोया लेसिथिन, मीठ असं वाचायला मिळतं आणि अंडं दिसत नाही. ‘लेसिथिन’ हे नाव मात्र अंड्यावरूनच आलंय. गोब्ले नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते पिवळ्या बलकातून वेगळं काढलं आणि बलकाला ग्रीक भाषेत जे म्हणतात त्यावरून नाव दिलं. त्यामुळे पाकिटावर आयएनएस ३२२ दिसलं की दचकू नका. सोबत सोया लिहिलंय का, एवढं बघा.

म्हणजे आपल्या पोरांच्या हातातला कोन बिनअंड्याचा झाला तो कुणाच्या अहिंसेमुळे नाही, हिशोबामुळे. यात मला वाईट काही वाटत नाही. पण याचा एक परिणाम असा की जिथे हिशोब वेगळा असेल तिथे अंडं परत येतं, आणि हे आपल्या लक्षात राहिलं पाहिजे. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की डोळ्यांसमोर ताजं केलेलं ते चांगलं आणि पाकिटातलं संशयास्पद. वॉफल कोनाच्या बाबतीत परदेशात हे बरोबर उलटं आहे. ज्या दुकानात दारातच भाजलेल्या कोनाचा घमघमाट सुटलेला असतो, तिथल्या पिठात अंड्याचा पांढरा बलक असण्याचा संभव फार मोठा. तिथली पारंपरिक घरगुती कृतीच तशी आहे. डब्यातला कारखान्याचा कोन बहुतेक वेळा बिनअंड्याचा निघतो. मुलांकडे किंवा सुनेच्या बाळंतपणाला म्हणून अमेरिकेत, युरोपात जाणाऱ्या मैत्रिणींनी हे मनात ठेवा. तिथे हिरवा ठिपका नसतो, पण अ‍ॅलर्जीसाठी अंडं स्पष्ट लिहिण्याचा कायदा दोन्हीकडे आहे. डब्यावरची ती ओळ आपल्यासाठी लिहिलेली नाही, तरी आपल्या कामाची आहे. तिथल्या फिक्या, सपाट तळाच्या कोनात आणखी एक गोष्ट असते, टॅपिओकाचं पीठ. टॅपिओका म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद. कंदमूळ सोडलेल्यांनी तो कोन साबुदाण्याच्या रांगेतच धरावा.

आपल्याकडे हिरवा ठिपका आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. अंड्यापुरतं ते ठीकच आहे, कारण आपल्या कायद्यात अंडं मांसाहारी खुणेखाली येतं. पण हिरवा ठिपका हा सरकारचा शाकाहार आहे, श्रावकाचा नाही. २०२० च्या नियमांत मांसाहारी पदार्थांची जी व्याख्या आहे, तिच्यातून दूध-दुभत्याबरोबर मध, मेण आणि लाखही वगळलेली आहे. म्हणजे मध घातलेल्या ‘हनी वॉफल’ कोनावर हिरवा ठिपका बसू शकतो. मद्य, मांस, मधु हे तीन मकार सोडणं ही आपली अगदी पहिली पायरी, आणि ठिपका त्यातल्या तिसऱ्याबद्दल काही बोलतच नाही. वर लावायच्या चकचकीत गोळ्यांवर लाखेचा मुलामा असतो, आयएनएस ९०४. तीही किड्यांपासूनच येते. कंदमुळाबद्दल ठिपका गप्प, मर्यादेबद्दल गप्प. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या दिगंबर घरांत अजून कितीतरी जणी पिठाची मर्यादा पाळतात, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यांच्यासाठी महिनोन्‌महिने टिकणारा पाकिटातला मैदा हा प्रश्नच नाही, तो बाहेरच. आणि पार्लरमध्ये सुटा कोन मिळतो त्याला ठिपकाही नसतो. काऊंटरवरच्या मुलाला कोनाचा खोका दाखवायला सांगा, लाजू नका. वॉफलही करणाऱ्या दुकानात तर तवा कुठला, तोच का, हेही विचारायचं.

कोनाच्या आतल्या चॉकलेटबद्दल पुष्कळ जणी विचारतात म्हणून एवढंच. १९५९ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या स्पिका कंपनीने कोनाच्या आतल्या बाजूला तेल, साखर आणि चॉकलेट यांचा थर दिला, म्हणजे आईस्क्रीमच्या ओलाव्याने कोन मऊ पडणार नाही. तोच कॉर्नेटो. टोकाशी साचलेला चॉकलेटचा गोळा ही त्या थराचीच देणगी. पोरं तेवढ्यासाठी कोन खातात.

पोषणाचं म्हणाल तर कोनाकडून फार अपेक्षा ठेवू नये. फिका छोटा कोन चार ग्रॅमचा असतो आणि त्यात सतराएक कॅलरी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. वळलेला साखरेचा कोन दहा ग्रॅमचा, चाळीस कॅलरी. मोठा वॉफल कोन मात्र तीस ग्रॅमच्या आसपास जातो आणि एकशेवीस कॅलरी देतो, दीड फुलक्याइतक्या. त्यात साधारण दोन चहाचे चमचे साखर, प्रथिनं जेमतेम दोन ग्रॅम, तंतू नावाला. मधुमेह असलेल्यांनी आईस्क्रीमची साखर मोजताना कोनाची धरायची राहून जाते, ती धरा. उपवासाच्या पारण्याला तर तो नकोच, रिकाम्या पोटाला मैदा आणि साखर सोसत नाही. ज्यांना गव्हाचं ग्लुटेन चालत नाही त्यांना आईस्क्रीम बिनगव्हाचं मिळालं तरी कोन सोडावा लागतो. छोटा फिका कोन हा सगळ्यात निरुपद्रवी, आणि मुलांना तो कमी आवडतो, हे ओघाने आलंच.

घरी करणं शक्य आहे, आणि मर्यादा पाळणाऱ्यांना दुसरा मार्गही नाही. पाऊण वाटी चाळलेली ताजी कणीक, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे पातळ केलेलं तूप, चिमूटभर मीठ, वेलची, आणि धिरड्यापेक्षा थोडं पातळ होईल इतकं दूध. लोणी नको, ते महाविगईत येतं आणि तुपाने कोन जास्त कुरकुरीत होतो. मंद आचेवर नॉनस्टिक तव्यावर चमच्याच्या पाठीने जितकं पातळ पसरता येईल तितकं पसरायचं. कडा तांबूस झाल्या की उलटायचं, वाटीच्या बुडाने दाबत दाबत दुसरी बाजू भाजायची. उतरवल्या उतरवल्या पुठ्ठ्याच्या शंकूभोवती गुंडाळून टोक चिमटीत धरून दहापर्यंत मोजायचं. बोटं भाजतात, फडकं घ्या. पहिले दोन फाटतील, ते पोरांना देऊन टाका. साखरेऐवजी गूळ घालून बघायचा मोह होईल, पण गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि कोन तासाभरात मऊ पडतो. साखर कमी केली तरी तो वळत नाही, भाकरीसारखा मोडतो. आणि सूर्यास्ताआधी खायचा असेल तर साडेचारला तवा ठेवा, एकेक कोन भाजायला चार-पाच मिनिटं जातात.